कोवळी म्हणजे कच्ची नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉच व्हिस्कीवर पानभर लेख होता आणि त्याच्याखाली ताऱ्यांचा तक्ता. १८ वर्षांच्या बाटलीला पाच तारे, १२ वर्षांच्या बाटलीला चार, आणि सगळ्यात खाली ५ वर्षांची, हलक्या धुराची एक सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या सातूंपासून (माल्टपासून) केलेली व्हिस्की. तिला दोन तारे. पुढे शेरा: 'कच्ची. धुराने कच्चेपणा झाकण्याचा प्रयत्न.' सकाळी हे वाचून मी पुरवणी बाजूला ठेवली, दुपारी पुन्हा उघडली, आणि रात्री हे पत्र लिहायला बसले.

मी ३१ वर्षं एडिनबरामध्ये राहते. त्यातली २२ वर्षं एका प्रयोगशाळेत मद्याचे नमुने हुंगून तपासण्याचं काम केलं. सकाळी साडेदहाला निळ्या काचेचे पेले समोर यायचे, प्रत्येकावर तीन आकडी क्रमांक आणि वर झाकण म्हणून काचेची चकती. निळी काच अशासाठी, की व्हिस्कीचा रंग दिसू नये. पाणी घालून नमुना २० टक्क्यांवर आणलेला असायचा. प्यायचा नाही, फक्त हुंगायचा आणि लिहायचं. हे सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे जे लिहिणार आहे ते आवडीनिवडीपेक्षा जास्त या सवयीतून आलं आहे.

शेऱ्यातला 'झाकण्याचा' हा शब्द आधी घेते. धूर दोष झाकू शकतो, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. पण ते दाट धुराबद्दल. हलक्या धुराबद्दल ते लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे कळायला तो धूर येतो कुठून ते थोडं पाहावं लागेल.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला वनस्पतींचा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. विटांसारखा कापून वाळवला की मंद जळतो, ज्वाळा कमी आणि धूर फार. मोड आणलेले सातू ओलसर असताना या धुरावर ठेवले, की धुरातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, टरफलांना धरून बसतात. दाणा सुकत जातो तसं धरणं कमी होतं. कॅम्पबेलटाऊनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीत आपले सगळे सातू आजही जमिनीवर पसरून, फावड्याने उलटवून मोडवतात; त्यांच्या मुख्य व्हिस्कीसाठी सुरुवातीचे सहाएक तास पीटचा धूर आणि नंतर नुसती गरम हवा. दाण्याला किती धूर लागला ते दहा लाखांत इतके भाग अशा मापात सांगतात. आर्डबेग डिस्टिलरीचे सातू साधारण ५५ भागांचे, लाफ्रॉइगचे ४० ते ४५, बोमोरचे २५ च्या आसपास. हलका धूर म्हणतात तो याच्याही खाली: स्प्रिंगबँक १२ ते १५, अ‍ॅबर्डीनशायरमधली आर्डमोर १२ ते १४, फॉरेस गावची बेनरोमाक १२ च्या जवळपास.

हे आकडे सातूंचे आहेत, पेल्यातल्या व्हिस्कीचे नव्हेत. लेखाच्या चौकटीत ते बाटलीचे म्हणून छापले गेले आहेत. दळण, आंबवण आणि दोनदा उकळणं यांत त्यातला मोठा भाग गळतो, आणि किती व कुठला गळावा हे भट्टीवरच्या माणसाच्या हातात असतं. याचं मला पटलेलं उदाहरण आयला बेटावरचं आहे. लागावुलिन आणि कोल इला या दोन डिस्टिलऱ्यांना सातू एकाच ठिकाणाहून, पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातून येतात, धुराचं मापही जवळपास एकच, ३५ च्या आसपास. पेल्यात मात्र एक जड, गोड, दाट आणि दुसरी लिंबासारखी स्वच्छ, राखेच्या वासाची. फरक पडतो तो भट्ट्यांच्या आकारामुळे, त्या किती भरतात त्यामुळे, आणि धार कुठे तोडतात त्यामुळे.

धारेचं थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे सगळ्यांत कडक आणि सगळ्यांत नावाजलेली. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या भट्टीची पहिली धार ठेवत नाहीत. ती पुढच्या घाण्यात परत उकळायला टाकतात. मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा परत पाठवायची. धुराची फिनॉलं जड असतात, ती शेवटाकडे येतात. आणि नेमका त्याच वेळी चामडं, घाम, जुनं चीज अशा वासांचा जड भागही उतरू लागतो. म्हणजे धूर हवा असेल तर धार उशिरा तोडली पाहिजे, आणि जितकी उशिरा तोडाल तितका नको तो ऐवज आत येण्याचा धोका. ५५ भागांच्या सातूंना धुराची कमतरता नसते. थोडा घामट वास आलाच तर तो त्या धुरात दबून जातो. १२ भागांच्या सातूंना असं पांघरूण मिळत नाही. धार लवकर तोडली तर धूर येतच नाही, उशिरा तोडली तर चामड्याचा वास उघडा पडतो. मधली जागा फार अरुंद आहे.

जुन्या व्हिस्कीला दुसरं पांघरूण असतं, ओकच्या पिंपाचं. व्हॅनिला, मसाला, सुका मेवा, लाकडाचा तुरटपणा असं बरंच काही १५-१८ वर्षांत वरून येऊन बसतं. शिवाय पिंपाच्या आतला जाळलेला थर गंधकाचे वास हळूहळू ओढून घेतो. पाच वर्षांत हे सगळं अर्धवटच होतं. त्यामुळे ५ वर्षांच्या, हलक्या धुराच्या माल्टजवळ धुराचंही पांघरूण नाही आणि लाकडाचंही नाही. आंबवण घाईत केलं असेल, भट्टीच्या तांबे धातूशी वाफेचा पुरेसा संबंध आला नसेल, धार चुकीच्या जागी तोडली असेल, तर पहिल्या हुंगण्यात कळतं. स्कॉटलंडमध्ये जे जे प्रकार होतात त्यांत कारागिराचं काम इतकं उघड्यावर ठेवणारा दुसरा प्रकार मला माहीत नाही. अशा बाटलीवर 'झाकते' असा आरोप व्हावा, हे मला सहन झालं नाही.

आता 'कच्ची' या शब्दाकडे येते.

१९७९ साली इथल्या पेंटलँड्स संशोधन संस्थेत स्कॉचच्या वासांचं एक चक्र तयार झालं. वासांची नावं ठरवून गोलात मांडलेली, म्हणजे दोन माणसं एकाच वासाला एकच शब्द वापरतील. आम्हाला त्याच परंपरेत शिकवलं. शब्द अर्थातच इंग्रजी. मी वहीच्या समासात मराठी शब्द लिहीत गेले, कारण माझं नाक मराठीत वाढलं होतं आणि इंग्रजी शब्द आठवायला जो क्षण लागायचा तेवढ्यात वास निसटायचा. आपली भाषा वासांच्या बाबतीत किती श्रीमंत आहे हे मला त्या समासात कळलं. आपल्या लेखात 'स्मोकी' हा एक शब्द अकरा वेळा आला आहे. माझ्या समासात त्याच्या जागी पाच-सहा शब्द आहेत. धुरकट म्हणजे कपड्यांत मुरलेला कालचा धूर. धुरी म्हणजे ताजा, गोडसर, निखाऱ्यावर काही टाकल्यावर उठतो तो. ग्वायकॉल नावाचं फिनॉल प्रामुख्याने हा वास देतं. दवाखानी म्हणजे आयोडीन आणि बँडेजची पट्टी, आणि डांबरी म्हणजे नव्या रस्त्याचा. या दोन्हींत क्रेसॉल नावाच्या फिनॉलांचा हात असतो. राखट म्हणजे सकाळची थंड चूल. करपट म्हणजे तळ लागलेला, आणि तो दोष. खरपूस तर धूरच नव्हे, तो भाजलेल्या धान्याचा वास. पण नवखा माणूस त्यालाही धूर म्हणतो आणि तिथून पुढचं सगळं मोजमाप चुकतं.

त्याच समासात 'कच्ची' आणि 'कोवळी' हे दोन शब्द वेगवेगळ्या पानांवर आहेत. इंग्रजीत दोघींसाठी अनेकदा एकच शब्द वापरतात. मराठीत कोवळी भेंडी आपण निवडून घेतो आणि कच्ची पोळी ताटात वाढत नाही. कच्च्या व्हिस्कीत ओल्या पोत्याचा वास येतो, काडी ओढल्यावरचा गंधक येतो, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखी झिणझिण येते, कधी फाटलेल्या दुधाचा आंबूसपणा. कोवळ्या व्हिस्कीत नासपती येते, हिरवं सफरचंद येतं, सातूचं पीठ, मध, कोमट दूध, लिंबाची साल. हे वास चांगल्या, लांब आंबवणातून आलेले असतात आणि ते टिकत नाहीत. दहा-बारा वर्षं पिंपात राहिल्यावर ते लाकडाखाली जातात. ज्याला ते हवेत त्याने व्हिस्की कोवळीच प्यायली पाहिजे. धुराचंही तसंच: वर्षं जातात तसा तो मऊ होत जातो, मागे सरतो. सातूंनाच धूर हलका लागला असेल तर १८ वर्षांनी त्याची आठवणच उरते.

आता ती बाटली. योगायोगाने ती माझ्या कपाटात होती, निम्म्याच्या वर शिल्लक. तिचं नाव इथे घेत नाही. पत्राची जाहिरात व्हायला नको. लेबलावर लिहिलेलं एवढं: सिंगल माल्ट, ५ वर्षं, ४६ टक्के, बर्बनची (अमेरिकन व्हिस्कीची) पिंपं, रंग मिसळलेला नाही, थंड करून गाळलेली नाही. रंगाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. स्कॉचमध्ये पाणी आणि साधं कॅरामल एवढ्या दोनच गोष्टी घालायची कायद्याने मुभा आहे, आणि ब्रिटनमध्ये कॅरामल घातल्याचं लेबलावर सांगावं लागत नाही. जर्मनीत विकायची तर सांगावं लागतं. माझ्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात आमच्यापुढे साध्या काचेचे दोन पेले ठेवले होते, एक फिकट आणि एक गडद. आम्ही नऊ जणांनी गडद पेल्याबद्दल मनुका, जुनं लाकूड, परिपक्व असं काय काय लिहिलं. व्हिस्की एकच होती, गडद पेल्यात दोन थेंब कॅरामल होतं. त्या दिवसापासून मी रंगावरून वय ठरवलेलं नाही, आणि लेखातलं 'फिकट रंग तिचं वय सांगतो' हे वाक्य मला त्या पेल्यापाशी घेऊन गेलं.

रविवारी संध्याकाळी माझ्या नवऱ्याने स्वयंपाकघरात दार लावून तीन पेले भरले. तो मद्य घेत नाही, पण त्याचं नाक माझ्यापेक्षा धीराचं आहे. एकात ही बाटली, दुसऱ्यात १२ वर्षांची बिनधुराची एक, तिसऱ्यात आयलाची दाट धुराची, वयाने लहान. प्रत्येकी २० मिली, वर बशी. कुठला पेला कशाचा ते चिठ्ठीवर लिहून त्याने चिठ्ठी खिशात ठेवली. पंधरा मिनिटं कशालाही हात लावला नाही. हा वेळ दिलाच पाहिजे. बाटलीतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या व्हिस्कीत अल्कोहोलची झिणझिण वर असते, आणि तीच कच्चेपणा समजून लोक पेला ठेवून देतात.

मी पेला हनुवटीपाशी धरते, तोंड किंचित उघडं. नाक आत खुपसलं की ते काही वेळासाठी बधिर होतं. पहिल्या पेल्यात मी आधी दोष शोधले, जुन्या सवयीने. गंधक नाही. चामडं नाही. आंबूसपणा नाही. मग नासपती आली, थोडं पिकलेलं केळं, सातूचं पीठ, सायीसारखं काहीतरी. धूर शेवटी आला, आणि तो धुरी होता, धुरकट नव्हता. मी नवऱ्याला हुंगायला दिला. तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "लाकूड जळत नाहीये हे. माती जळतेय." मी २२ वर्षांत पीटचं इतकं नेमकं वर्णन कोणाकडून ऐकलं नव्हतं. मुख्य भूमीवरच्या पीटमध्ये झाडांचे अवशेष जास्त असतात, म्हणून त्याचा धूर लाकडाच्या शेकोटीकडे झुकतो. ऑर्कनीच्या बेटांवर झाडं फारशी नव्हती, तिथला पीट हेदरच्या झुडपांचा, त्याचा धूर फुलांसारखा गोड असतो. आयलाच्या धुरात दवाखाना येतो. या पेल्यातला धूर कुठल्या दलदलीचा ते मला सांगता आलं नाही, पण माती हा शब्द बरोबर होता.

घोट छोटा घेतला आणि तोंडात मोजून दहा सेकंद धरला. आधी गोड, मग काळी मिरी, मग गिळल्यावर श्वास सोडताना धूर. हलका धूर जिभेवर सापडत नाही. तो नाकाच्या मागच्या वाटेने येतो, म्हणून गिळून लगेच बोलायला लागलं की तो हुकतो. दाटपणा वयाच्या मानाने चांगला. मागे रेंगाळणारी चव मात्र आखूड. अर्ध्या मिनिटात मिरीच तेवढी उरली. तिथे मी गुण कापले.

मग ५ मिली पाणी घातलं, म्हणजे व्हिस्की सुमारे ३७ टक्क्यांवर आली. पाण्याने चव 'फुलते' असं लोक सांगत आले आहेत. २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून त्यामागचं एक कारण दाखवलं, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला रेणू होता ग्वायकॉल, म्हणजे आपला धुरीचा वास. अल्कोहोल ४५ टक्के किंवा कमी असेल तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतो, नाकाच्या जवळ. ५९ टक्क्यांच्या वर तो अल्कोहोलने वेढला जाऊन आत राहतो. माझ्या पेल्यातही धूर पुढे आला, फळं मागे गेली. पण त्याबरोबर ओल्या पोत्याचा एक बारीक वासही आला, जो आधी नव्हता. हा कच्चेपणा आहे आणि मी तो वहीत तसाच लिहिला. आणखी दोन वर्षं पिंपात राहिली असती तर तो बहुधा गेला असता.

दुसऱ्या पेल्याबद्दल मी लिहिलं: स्वच्छ, पातळ, लाकूड थकलेलं, फारसं काही घडत नाही. तिसऱ्याबद्दल: डांबर, आयोडीन, गोड, खाली चामडं आहे पण धुरामुळे ऐकू येत नाही. चिठ्ठी उघडली तेव्हा पहिला पेला त्या ५ वर्षांच्या बाटलीचा निघाला आणि 'थकलेलं लाकूड' १२ वर्षांच्या बाटलीचं. अनेकदा वापरलेल्या पिंपात देण्यासारखं काही उरलेलं नसेल, तर बारा वर्षं ही नुसती वाट पाहणं होतं. आणि लेखातला आरोप, की धूर काहीतरी झाकतो, तो तिसऱ्या पेल्याला लागू होता. तक्त्यात तिला चार तारे आहेत.

पेले मी रात्री धुतले नाहीत. मोकळा पेला रात्रभर तसाच ठेवून सकाळी हुंगणं ही तपासणीची जुनी पद्धत आहे: अल्कोहोल उडून गेलेलं असतं, जड वास तेवढे तळाशी राहतात. कच्च्या व्हिस्कीच्या पेल्यात सकाळी ओला पुठ्ठा सापडतो. या पेल्यात गोड राख होती, थोडं व्हॅनिला आणि भाजलेल्या सातूचा खरपूस वास. मी तिला पाचपैकी साडेतीन तारे देते. दोन मी राखून ठेवते खरोखर कच्च्या बाटल्यांसाठी, आणि तशा असतात. एका नव्या डिस्टिलरीची ३ वर्षांची बाटली मी ६५ पौंडांना घेतली होती. लहान पिंपात ठेवून तिला घाईने लाकूड लावलं होतं; वर व्हॅनिला आणि लाकडाचा भुसा, खाली गंधक. लाकडातून रंग आणि चव पटकन उतरते, पिंपात शिरणाऱ्या हवेशी होणारे बदल मात्र वेळ मागतात. लहान पिंपाने पहिली गोष्ट होते, दुसरी होत नाही. त्या बाटलीच्या लेबलावर बेटाची, वाऱ्याची आणि समुद्राची मोठी गोष्ट होती. नव्या बाटल्यांची किंमत पुष्कळदा अशा गोष्टीवर लावली जाते, हे आपल्या लेखकाचं निरीक्षण खरं आहे आणि त्याबद्दल मी त्यांच्या बाजूची आहे.

पण हेही पाहावं, की नव्या लोकांकडे जुनी व्हिस्की असणार कुठून? आयलाची किलहोमन २००५ ची, आर्डनामर्खन २०१४ ची, रासे बेटावरची २०१७ ची. रासेचं सर्वांत जुनं पिंप १८ वर्षांचं होईल २०३५ मध्ये. या दोन्ही शेवटच्या डिस्टिलऱ्या धुराची आणि बिनधुराची अशा दोन्ही व्हिस्की गाळतात आणि त्यांचा मेळ घालतात. वयाच्या रकान्यावरून तारे द्यायचे ठरवलं तर या सगळ्यांचं काम २०३५ पर्यंत कोणी चाखूच नये असा अर्थ होतो. आणि हलका धूर ही काही नवीन टूम नाही. १८६३ साली स्ट्राथस्पे रेल्वे आली, कोळसा सहज मिळू लागला, तोवर स्पे नदीच्या खोऱ्यातल्या स्पेसाइडचे सातूही पीटवरच सुकत. बेनरोमाक आज जो मंद धूर ठेवते तो त्या भागाच्या जुन्या चवीची आठवण म्हणूनच.

शेवटचा मुद्दा चुकीच्या दुरुस्तीचा, आणि तो आपण छापावा अशी माझी विनंती आहे. चौकटीत म्हटलं आहे की लेबलावरचं वय हे बाटलीतल्या व्हिस्कींचं 'सरासरी वय' असतं. तसं नाही. कायद्याने ते सर्वांत तरुण थेंबाचं वय असतं. नव्वद टक्के व्हिस्की २० वर्षांची आणि दहा टक्के ५ वर्षांची असेल, तर लेबलावर ५ च लिहावं लागतं. २०१५ साली कंपास बॉक्स या कंपनीने आपल्या मिश्रणातल्या प्रत्येक व्हिस्कीचं वय जाहीर केलं, तर तेही नियमाबाहेरचं ठरलं आणि त्यांना ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे तक्त्यातली ५ वर्षांची बाटली खरोखर किती वर्षांची आहे हे मला माहीत नाही आणि लेखकालाही माहीत असणं शक्य नाही; फक्त तिच्यात पाचाहून लहान काही नाही एवढंच ठाऊक आहे.

किमान तीन वर्षांचा नियमही चवीसाठी झालेला नव्हता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे मंत्री लॉइड जॉर्ज यांना युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या मद्यपानाची चिंता होती. म्हणून १९१५ च्या कायद्याने दारू गोदामात आधी किमान दोन वर्षं ठेवायची सक्ती आली, १९१६ पासून ती तीन वर्षं झाली. तो आकडा आजही, २००९ च्या नियमांतही, तसाच आहे. पुढची चौकट छापताना वयाचा रकाना राहू द्यावा, पण त्याच्या शेजारी टक्केवारी, पिंपाचा प्रकार, रंग घातला आहे की नाही आणि सातूंना किती धूर दिला तेही द्यावं. यातली काही माहिती बऱ्याच बाटल्यांवर छापलेली असते. आणि चाखताना नमुन्यांची नावं तरी झाकावीत. नवऱ्यासारखं कोणी घरात नसेल तर पेल्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवून पेले फिरवले तरी काम होतं.

ती बाटली अजून कपाटात आहे. लेखकांचं कधी एडिनबराला येणं झालं तर त्यांनी जरूर यावं. पेले मी तयार ठेवीन, त्यांना कुठला पेला कशाचा ते आधी सांगणार नाही. गाडी चालवत मात्र येऊ नये. २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे, उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक, आणि इथल्या डिस्टिलऱ्या चालकाच्या वाट्याचा घोट छोट्या कुपीत बंद करून घरी न्यायला देतात.

आपली नियमित वाचक,
एडिनबरा, स्कॉटलंड